पाणी, तेल, भाकर, प्याला : आद्य ख्रिस्ती विधींचा कालपट (प्रकल्प नोंदी)

८ जानेवारी २०२४ : रकाने

कालपटाचा आवाका इ. स. ५० ते ४००. मुख्य विषय दोनच, बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी दीक्षा) आणि प्रभुभोजन (भाकर आणि प्याल्याचा विधी). सण आणि उपास यांना कडेची अरुंद पट्टी. आडव्या ओळी साधनांच्या (म्हणजे त्या काळच्या ग्रंथांच्या आणि अवशेषांच्या), उभे रकाने विधीतल्या पायऱ्यांचे. एक ओळ म्हणजे एक साधन आणि एकच प्रदेश, हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही. करिंथचा तुकडा, रोमचा तुकडा आणि सिरियाचा तुकडा एकत्र शिवून ‘मूळ ख्रिस्ती विधी’ तयार करण्याची खोड या विषयात फार जुनी आहे. तसा विधी कुठल्याही एका गावात झाल्याचा पुरावा नाही.

प्रत्येक ओळीला दोन सनावळ्या लागतील: ग्रंथाच्या रचनेचा काळ, आणि आज हाती असलेल्या प्रतीचा काळ. उदाहरण ‘दिदाखे’चे. सोळा छोट्या प्रकरणांची ही नियमपोथी रचली गेली इ. स. १००च्या आगेमागे, बहुधा सिरियाच्या बाजूला. पण तिची पूर्ण ग्रीक प्रत लिओन नावाच्या लेखनिकाने ११ जून १०५६ रोजी उतरवून संपवलेली आहे. ती फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला मिळाली आणि १८८३ मध्ये छापली गेली. मधल्या साडेनऊशे वर्षांत नकलणाऱ्यांनी शब्द आपापल्या काळच्या रीतीला जुळवून घेतले असतील, ही शक्यता कायम गृहीत धरायची. पौलाच्या पत्रांना शास्त्राचा दर्जा मिळाला तशी त्यांच्यात फेरफार करण्याची धास्ती वाढली. नियमांच्या आणि प्रार्थनांच्या पोथ्या मात्र रोजच्या वापरातल्या. त्या प्रत्येक पिढीत दुरुस्त होत राहिल्या.

साधनाच्या प्रकाराचा रकाना वेगळा: नियम, वर्णन, प्रवचन, बाहेरच्याची साक्ष. नियमात ‘अमुक करू नका’ असे असेल तर ते कुणीतरी करत होते असे धरून चालावे. रिकाम्या चौकटीसाठी दोन खुणा ठेवल्या आहेत: ‘उल्लेख नाही’ आणि ‘स्पष्ट नकार’. दुसऱ्या शतकातला रोमचा ख्रिस्ती लेखक जस्टिन बाप्तिस्म्याच्या वेळच्या तेलाबद्दल काहीच सांगत नाही. त्याचा मजकूर सम्राटाला उद्देशून आहे, परक्याला सगळे सांगायची त्याला गरज नाही. त्याच्या चौकटीत पहिली खूण.

शब्दांबाबत: पटावर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. स्नानसंस्कार, मिस्सा हे शब्द सोबतच्या पुस्तिकेच्या सूचीत.

२२ जानेवारी : पाणी

‘दिदाखे’चे सातवे प्रकरण पूर्ण घ्यायचे. मजकूर जेमतेम चार वाक्यांचा, पण विधी हाताने करणाऱ्याने लिहिलेला आहे हे ओळीओळीला जाणवते. क्रम असा: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, वाहते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार पाण्यात जमत नसेल तर कोमट पाण्यात, दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. त्याआधी उपास करायचा तो देणाऱ्याने, घेणाऱ्याने आणि आणखी ज्यांना झेपेल त्यांनी. घेणाऱ्याला एक-दोन दिवस आधीपासून उपास बंधनकारक.

पाण्याची ही उतरंड यहूदी शुद्धिस्नानाच्या विचारातून आली आहे. मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात पाण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत, सर्वांत वर ‘जिवंत’ म्हणजे झऱ्याचे पाणी. आणि स्नानकुंडाला किमान ४० सेआ पाणी लागते. फरक दोन ठिकाणी पडतो. यहूदी शुद्धिस्नान पुन्हा पुन्हा करायचे असते आणि माणूस स्वतःच बुडी मारतो. बाप्तिस्मा एकदाच, आणि दुसऱ्याच्या हातून. हा दुसऱ्याचा हात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापासून आला. लोक यार्देन नदीवर त्याच्याकडून बाप्तिस्मा घेत. पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. हात दुसऱ्याचा म्हटले की तो कोणाचा हवा, हा प्रश्न आलाच. पाखंडी ठरवलेल्या गटातल्या माणसाने दिलेला बाप्तिस्मा चालतो का, यावरून २५५-२५६ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप स्तेफन यांच्यात जोराचा वाद झाला, त्याचे मूळ इथे आहे.

ओळ भरताना जपायची जागा: त्रैक्याचे सूत्र मत्तय २८:१९ आणि ‘दिदाखे’ ७ मध्ये आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये मात्र बाप्तिस्मा येशूच्या नावाने दिला जातो (२:३८, ८:१६, १०:४८, १९:५). खुद्द ‘दिदाखे’ ९:५ मध्येही ‘प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेले’ असाच उल्लेख येतो. एकाच पोथीत दोन्ही आढळतात, म्हणून ‘सूत्र’ या रकान्यात दोन्ही लिहायची.

इ. स. २०० च्या सुमाराला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन म्हणतो की समुद्र, तळे, नदी, झरा, कशानेही फरक पडत नाही. योहानाने यार्देनेत आणि पेत्राने टायबरमध्ये बाप्तिस्मा दिलेल्यांत भेद नाही. शंभर वर्षांत एका प्रदेशातली उतरंड दुसऱ्या प्रदेशात गैरलागू ठरली. पटावर या दोन ओळी शेजारी येत नाहीत, त्या तशाच दूर राहू द्याव्यात.

१२ फेब्रुवारी : दुरा-युरोपसची प्रतिकृती

फरात नदीवरच्या या सरहद्दीच्या गावातले ख्रिस्ती प्रार्थनागृह १९३१-३२ च्या उत्खननात उजेडात आले. मुळात साधे राहते घर. गिलाव्यावर कोरलेले साल इ. स. २३२-२३३ शी जुळते. त्यानंतर काही वर्षांत घराचा कायापालट झाला. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे १३ × ५ मीटरचे दालन केले, पूर्वेच्या टोकाला बुटका चौथरा बांधला. दालनात ६५ ते ७५ माणसे मावत असावीत. दुसऱ्या एका खोलीत पश्चिमेच्या भिंतीशी कमानीखाली हौद: लांबी सुमारे १.६ मीटर, रुंदी सुमारे १ मीटर, खोली एक मीटरला थोडी कमी.

१:२० प्रमाणात दालन ६५ × २५ सेंमी आणि हौद ८ × ५ सेंमी येतो. हौदात माणसाची आकृती ठेवताना आडवी बुडवलेली दाखवू नये. एवढ्या हौदात प्रौढ माणूस उभा राहू शकतो, गुडघे टेकू शकतो. त्याच्या डोक्यावर पाणी ओतणे सहज जमते. रोममधल्या कॅलिस्टसच्या भुयारी दफनभूमीतल्या चित्रातही बाप्तिस्मा घेणारी आकृती उथळ पाण्यात उभी आहे आणि देणाऱ्याचा हात तिच्या डोक्यावर आहे. पूर्ण बुडी की ओतणे, हा आजच्या पंथांमधला वाद तिसऱ्या शतकातल्या प्रतिकृतीवर लादू नये.

हौदाच्या मागच्या भिंतीवर मेंढरे घेतलेला उत्तम मेंढपाळ, त्याच्या खाली आदाम आणि हव्वा. इतरत्र विहिरीवरची स्त्री, पाण्यावर चालणारा येशू, खाट उचलणारा पक्षाघाती, मेणबत्त्या घेऊन चाललेल्या स्त्रिया. या स्त्रिया कबरेकडे निघाल्या आहेत की दृष्टान्तातल्या कुमारी आहेत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फलकावर ‘स्त्रियांची मिरवणूक’ एवढेच लिहावे. क्रूसावरच्या मरणाचे चित्र इथे नाही. चित्रे टिकली ती वेढ्यामुळे: इराणच्या ससानी फौजेच्या भीतीने तटाच्या आतली घरे मातीने भरून काढली होती, आणि २५६ मध्ये गाव पडले ते कायमचे. चित्रे आज येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत.

४ मार्च : तेल आधी की नंतर

या रकान्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि घ्यायलाच हवा होता.

कार्थेजला, टर्टुलियनकडे: पाण्यातून बाहेर आल्यावर तेल, मग डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याची याचना. सिरियात उलट: तेल आधी, नंतर पाणी. अंत्युखियात जॉन क्रिसोस्टमच्या प्रवचनांत, म्हणजे थेट ३९० च्या आसपासही, पाण्यानंतर तेल येत नाही. आत्मा पाण्यातच येतो. तिसऱ्या शतकातल्या सिरियाक ‘थोमाच्या कृत्यां’मधली कथा हिंदुस्थानात घडते. गुंदाफर राजा आणि त्याचा भाऊ गाद यांना थोमा दीक्षा देतो, तेव्हा डोक्यावर तेल ओतणे हाच सोहळ्याचा कळस आहे. ग्रीक पाठात त्या प्रसंगी पाण्याचा उल्लेखच नाही. सिरियाक पाठात तेलानंतर स्नान येते. गोंडोफरीस हा इंडो-पार्थियन राजा नाण्यांवरून माहीत आहे, पण या कथेवरून पहिल्या शतकातल्या भारतातला विधी ठरवता येणार नाही. ओळ एदेस्सा या सिरियाक भाषेच्या केंद्राच्या नावावर लागेल.

क्रम वेगळा असण्यामागे अर्थ वेगळा आहे. सिरियाची नजर यार्देनेवर होती: राजा आणि याजक यांच्यावर तेल ओततात तसा येशू अभिषिक्त ठरला आणि बाप्तिस्मा म्हणजे नवा जन्म, योहान ३ मधला. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले चित्र निराळे: पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि पुरले जाणे. चौथ्या शतकात हे दुसरे चित्र सगळीकडे वरचढ झाले आणि तेलाचे काम विभागले गेले. यरुशलेममध्ये पाण्याआधीचे तेल दुष्टात्मे घालवण्यासाठी, डोक्यापासून पायापर्यंत. पाण्यानंतरचे सुगंधी तेल कपाळ, कान, नाक आणि छातीवर, पवित्र आत्म्यासाठी. हे ज्या प्रवचनांत येते ती बिशप सिरिलची की त्याच्यामागून आलेल्या योहानाची, हे ठरलेले नाही; ओळीवर फक्त ‘यरुशलेम, चौथ्या शतकाची अखेर’.

अंगभर तेल लावायचे आणि अंगावर वस्त्र नाही, त्यामुळे स्त्रियांचे काय, हा व्यवहाराचा प्रश्न येतोच. तिसऱ्या शतकातली सिरियाची ‘दिदस्कालिया’ त्यासाठी स्त्री-सेविका नेमायला सांगते: डोक्याला तेल बिशपने लावावे, अंगाला सेविकेने.

१८ मार्च : ‘प्रेषितांची परंपरा’ ही ओळ फोडली

‘प्रेषितांची परंपरा’ ही मंडळीच्या नियमांची आणि प्रार्थनांची पोथी. बहुतेक पुस्तकांत ती ‘हिप्पोलिटस (लेखक), रोम, २१५’ अशी ठोकून दिलेली असते. ग्रीक मूळ जवळजवळ सगळे हरवले आहे. लॅटिन तुकडे व्हेरोनाच्या खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांवर. बाकी सहिदिक (इजिप्तमधल्या कॉप्टिक भाषेची बोली), अरबी आणि इथिओपिक अनुवाद. हिप्पोलिटसशी नाते श्वार्ट्झ (१९१०) आणि कॉनोली (१९१६) यांनी जोडले आणि ते दीर्घकाळ टिकले. आता दुसऱ्यापासून चौथ्या शतकापर्यंतचे थर एकमेकांवर बसलेले आहेत, हे मत बळावले आहे.

म्हणून एका ठिपक्याऐवजी लांब पट्टा, आणि त्यातल्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र खूण. पायऱ्या अशा: दीक्षार्थीच्या पोटापाण्याच्या धंद्याची चौकशी (मूर्तिकाराने, नटाने, आखाड्यात शस्त्रांनी झुंजणाऱ्याने काम सोडायचे, नाहीतर परत जायचे), तीन वर्षे शिक्षण, कोंबडा आरवताना पाण्यावर प्रार्थना, वस्त्रे उतरवणे, आधी मुले, मग पुरुष, मग स्त्रिया, त्यांनी केस मोकळे सोडून दागिने काढायचे, सैतानाचा त्याग, एक तेल, तीन प्रश्न, तीन बुड्या, दुसरे तेल, कपडे घालून सभेत येणे, बिशपचा हात आणि पुन्हा तेल, शांतीचे चुंबन, आणि पहिल्या प्रभुभोजनात द्राक्षारसाबरोबर पाण्याचा आणि दूध-मधाचा प्याला. एकाच विधीत पाण्यानंतर दोनदा तेल येते. एकदा वडिलांकडून (बिशपच्या हाताखालचे मंडळीचे ज्येष्ठ सेवक) आणि एकदा बिशपकडून, ही जोडणी दोन रीती एकत्र आल्याची खूण असावी. दूध-मध मात्र जुने, ते टर्टुलियनकडेही सापडते.

मराठी वाचकांसाठी इथे टीप हवी. रोमन मिस्सातली दुसरी उपकारस्तुतीची प्रार्थना, जी वसई-मुंबईच्या देवळांतही म्हटली जाते, ती १९६० च्या दशकात याच ग्रंथातल्या प्रार्थनेवरून बेतली. ती ‘रोमची सर्वांत जुनी प्रार्थना’ आहे हा तेव्हाचा समज आज तसाच सांगता येणार नाही. प्रार्थनेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पटावर तारीख मात्र बरोबर हवी.

८ एप्रिल : तीन प्रश्नांतून मतांगीकार

सगळ्या प्रकल्पाचा कणा इथे आहे. श्रद्धेचे सूत्र, म्हणजे मतांगीकार, आधी विद्वानांनी लिहिले आणि मग विधीत घातले, असे घडलेले नाही. पाण्यात उभ्या माणसाला विचारायचे: पित्यावर विश्वास ठेवतोस? ‘ठेवतो.’ एक बुडी. पुत्रावर? ‘ठेवतो.’ दुसरी. पवित्र आत्म्यावर? तिसरी. टर्टुलियन म्हणतो, शुभवर्तमानात प्रभूने सांगितले त्यापेक्षा आम्ही थोडे जास्त उत्तर देतो. हे ‘थोडे जास्त’ वाढत गेले, आणि वाढले ते मुख्यतः मधल्या प्रश्नात: कुमारी मरीयेपासून जन्म, पंतय पिलाताच्या वेळी क्रूस, मरण, तिसऱ्या दिवशी उठणे, स्वर्गारोहण, न्यायासाठी येणे. ‘खरोखर जन्मला’, ‘खरोखर मेला’ यावर भर येतो कारण येशूचे शरीर केवळ भास होते असे मानणारे गट होते. मतांगीकाराचा मधला भाग आजही सगळ्यात लांब आहे त्याचे कारण हे.

व्हेरोनाच्या लॅटिन पाठात नेमका पहिला प्रश्न हरवलेला आहे. तो इतर अनुवादांवरून भरताना फिकट शाई वापरावी.

चौथ्या शतकात प्रश्नांचे सलग विधान झाले, शिक्षणाच्या शेवटी पाठ म्हणून दाखवण्यासाठी. रोमचा जुना मतांगीकार अंकिराच्या मार्सेलसच्या पत्रात (सुमारे ३४०) ग्रीकमध्ये आणि रुफिनसच्या टीकेत (सुमारे ४०४) लॅटिनमध्ये सापडतो. बारा प्रेषितांनी मिळून तो रचला ही आख्यायिका रुफिनस सांगतो. आज म्हटला जाणारा ‘प्रेषितांचा मतांगीकार’ याच शब्दांत आठव्या शतकात दिसतो. ३२५ चा निकियाचा मतांगीकार वेगळ्या कामाचा आहे. तो बिशपांनी बिशपांसाठी केलेला, शेवटी शाप जोडलेला. दोन्हींना एकाच रंगाची रेघ देऊ नये.

विधीतून सिद्धान्त निघाल्याची दोन उदाहरणे पुस्तिकेत सविस्तर घ्यावीत. पहिले बेसिलचे, कैसरियाच्या मंडळीतले, ३७५ च्या सुमाराचे. पित्याला ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात’ गौरव असो, या रुळलेल्या स्तवनाबरोबर तो ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’ असेही म्हणत असे, म्हणून तक्रार झाली. त्याचे उत्तर बाप्तिस्म्यावर उभे आहे: तिघांच्या नावाने आपण बाप्तिस्मा घेतला, तर गौरव करताना तिसऱ्याला खाली कसे बसवणार? ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या मतांगीकारात पवित्र आत्मा पिता-पुत्रांसह पूजिला जातो, त्यामागे हा युक्तिवाद आहे.

दुसरे तान्ह्या बाळांचे. टर्टुलियनचा त्याला विरोध होता: निष्पाप वयाला पापक्षमेची घाई कशाला? सुमारे २५३ मध्ये फिदस नावाच्या बिशपने विचारले, सुंतेप्रमाणे आठव्या दिवसापर्यंत थांबावे का? सिप्रियनसह ६६ बिशपांनी उत्तर दिले, थांबू नका. बाळाला क्षमा मिळते ती स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या पापाची. रीत चालू होती, शब्द ‘पापक्षमेसाठी’ होते, आणि बाळाने तर काही केलेले नव्हते. उत्तर आफ्रिकेतल्याच बिशप ऑगस्टीनने दीडशे वर्षांनी जन्मजात पापाची मांडणी करताना याच रीतीचा आणि याच पत्राचा आधार घेतला. पटावर बाण विधीच्या रकान्यातून सिद्धान्ताच्या पट्टीकडे जाईल.

२९ एप्रिल : भोजन

पौल करिंथकरांना लिहितो (सुमारे ५४) तेव्हा प्रभुभोजन हे खरेखुरे जेवण आहे, आणि ते बिघडलेले आहे: कोणी भुकेला, कोणी प्यालेला. ‘दिदाखे’ ९-१० मध्येही ‘पोट भरल्यावर’ उपकारस्तुती आहे. तिथे प्याला आधी, भाकर नंतर. आणि शेवटच्या भोजनातले ‘हे माझे शरीर’ हे शब्द मुळीच नाहीत. हे प्रभुभोजनच नव्हे, साधे प्रीतिभोजन आहे, असे म्हणून सुटका करून घेण्याचा मार्ग काहींनी घेतला. पण बाप्तिस्मा न झालेल्यांनी खाऊ नये असा नियम त्याच ठिकाणी आहे, तेव्हा ओळ प्रभुभोजनातच राहील. लूकच्या शुभवर्तमानाच्या बेझा नावाच्या हस्तलिखितातही क्रम प्याला, मग भाकर असाच येतो.

बिथिनियाचा रोमन राज्यपाल प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो (सुमारे ११२): ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, पांगतात आणि साध्या अन्नासाठी पुन्हा जमतात, मंडळ्यांवर बंदी आल्यावर हे दुसरे जमणे त्यांनी सोडले. यातले प्रभुभोजन कोणते, हे प्लिनीवरून ठरत नाही. चौकट ‘उल्लेख संदिग्ध’.

सुमारे १५० मध्ये रोमला जस्टिनकडे रविवारचा क्रम ओळखीचा वाटतो: वेळ असेल तितके वाचन, अध्यक्षाचे बोलणे, उभे राहून प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, उपकारस्तुती, ‘आमेन’, गैरहजर असलेल्यांकडे सेवक वाटा पोचवतात, आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी वर्गणी. पोटभर जेवण इथे दिसत नाही. रोमन जगातल्या मिथ्रा या देवाच्या दीक्षेतही भाकर आणि पाण्याचा प्याला असतो, ही सैतानाची नक्कल, असे जस्टिनच सांगतो. ‘ख्रिस्ती लोकांनी मिथ्राकडून घेतले’ हा लोकप्रिय दावा याच वाक्यावर उलटा उभा केलेला असतो. पौलाचे पत्र रोमन जगातल्या मिथ्राच्या पुराव्यांपेक्षा जुने आहे. ते पुरावे पहिल्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात.

प्याल्यात नुसते पाणी घेणारेही होते. सिप्रियनने त्यांच्याविरुद्ध अख्खे पत्र लिहिले. त्यात एक कारण येते ते अगदी घरगुती: सकाळी सकाळी द्राक्षारसाचा वास आला तर आपण ओळखू येऊ, अशी लोकांना भीती वाटे.

स्थापनेचे शब्द (शेवटच्या भोजनातले ‘हे माझे शरीर’ वगैरे) नसलेली प्रार्थना ही ‘दिदाखे’पुरती अडगळ नाही. पूर्व सिरियाक परंपरेतली अद्दई आणि मारी यांची प्रार्थना त्या शब्दांशिवाय चालत आली, आणि २००१ मध्ये व्हॅटिकनने ती ग्राह्य मानली. सीरो-मलबार मंडळीत तीच प्रार्थना ते शब्द घालून वापरतात. कल्याणच्या सीरो-मलबार वाचकांना हा धागा लगेच कळेल.

१३ मे : कडेची पट्टी

उपास: ‘दिदाखे’ बुधवार-शुक्रवार सांगते, सोमवार-गुरुवार टाळून. पास्काची (पुनरुत्थानाच्या सणाची) तारीख: आशिया प्रांतातल्या मंडळ्या वल्हांडणाच्या चौदाव्या तिथीला, रोम रविवारी, आशियाचा बिशप पॉलिकार्प आणि रोमचा बिशप अनिसेटस यांनी १५५ च्या सुमाराला मतभेद ठेवूनही एकत्र प्रभुभोजन घेतले, १९० च्या सुमाराला रोमच्या बिशप व्हिक्टरने संबंध तोडण्याची भाषा केली. २५ डिसेंबर रोममध्ये चौथ्या शतकात दिसतो. पट्टीवर तेवढाच ठिपका.

२७ मे : गर्दी वाढल्यावर

२५१ मध्ये रोमच्या मंडळीत ४६ वडील, ७ डीकन, दुष्टात्मे घालवणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मदतीवर असलेल्या १५०० हून अधिक विधवा-गरजू होते, हे बिशप कॉर्नेलियसच्या पत्रात आहे. एवढ्या मोठ्या मंडळीत आधीची घरगुती शिस्त चालणार नव्हती. यरुशलेमची ३८१-३८४ ची व्यवस्था एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने टिपली आहे: नाव नोंदवताना बिशप शेजाऱ्यांना विचारतो, हा दारुडा आहे का, आईवडिलांना मान देतो का, रोज सकाळी तीन तास शिकवणी, पाच आठवड्यांनी मतांगीकार, बिशप ग्रीकमध्येच बोलतो आणि एक वडील सिरियाकमध्ये सांगत जातो. विधीचा अर्थ मात्र बाप्तिस्मा झाल्यावर, दारे लावून. आतली वाहवा बाहेर ऐकू येई. आधी अनुभव आणि मग स्पष्टीकरण, हा क्रम पुस्तिकेतही ठेवावा: मूळ उतारा डावीकडे, टीप पुढच्या पानावर.

यरुशलेमच्या प्रवचनांमधला एक बारकावा चित्रासाठी: भाकर घेताना डाव्या हाताने उजव्याला आसन करायचे, तळहात खोलगट, कण सांडू द्यायचा नाही. भाकर तोंडात घातली जाते असे चित्र या काळासाठी वापरू नये.

१० जून : छपाईआधी

ओळींना जोडणाऱ्या रेघा काढून टाकल्या. उसनवारीचा थेट पुरावा असेल तिथेच बाण (सिप्रियन ते ऑगस्टीन, ‘दिदाखे’ ते चौथ्या शतकातले ‘प्रेषितांचे नियम’, सातवा भाग). प्रतीच्या काळाचा रकाना रचनेच्या काळाइतक्याच ठळक अक्षरांत. इजिप्तची ओळ, थ्मुइसच्या सरापिओनच्या प्रार्थनांसह, पुढच्या टप्प्यात.